मळकट जीपचा आहेर

जगातली कुठलीही वस्तू वापरण्यासाठी केलेली नसते, ती फक्त सांभाळण्यासाठी केलेली असते, असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे आणि दैवयोगाने तो माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहतात गडचिरोलीला, एस.टी.त ड्रायव्हर आहेत, आणि गडचिरोली ते अहेरी हा रस्ता त्यांना इतका पाठ आहे की कुठल्या खड्ड्यात कुठल्या प्रवाशाची झोप मोडेल हेसुद्धा ते आधी सांगू शकतात. त्यांच्या घरी जाऊन सोफ्यावर बसलात की खालून चर्रर्र असा आवाज येतो. तो प्लास्टिकचा. सोफा घरात आला तेव्हा जे प्लास्टिक अंगावर घेऊन आला, ते आजही त्याच्या अंगावर आहे. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, फ्रीजच्या दारावर दुकानदाराचं स्टिकर, स्कूटरच्या सीटवर कंपनीचं कव्हर. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही, पण मे महिन्यात त्या सोफ्यावरून पाहुणा उठतो तेव्हा सोफाही त्याच्याबरोबर थोडासा उठतो. माझी मेहुणी, जिला मी ताई म्हणतो, ती आल्यागेल्याला हसत हसत सांगते, "माह्या बापानं देल्लेली गादी अजून कोरी हाये बाप्पा. आमी दोघं चटईवर झोपतो."

पण हे सगळं नुसतं तोंडी लावणं. साडूंचा खरा जीव आहे तो खेळण्यातल्या गाड्यांत. बोटभर लांबीच्या, धातूच्या, एका परदेशी कंपनीच्या. पुठ्ठ्यावर पारदर्शक प्लास्टिकचा फुगा चिकटवलेला असतो आणि त्या फुग्यात गाडी बसलेली असते. असे शेकडो पुठ्ठे त्यांच्या बैठकीच्या खोलीत खिळ्यांवर ओळीने लटकलेले आहेत. भिंतीचा रंग कोणता हे साडूंनाही आठवत नाही. त्यांतला एकही फुगा आजवर फुटलेला नाही. नव्या नात्यात कौतुक करावं म्हणून मी एकदा चंद्रपूरच्या दुकानातून अशीच एक गाडी त्यांच्यासाठी घेतली. भेट जरा सुबक दिसावी म्हणून तिचा पुठ्ठाबिठ्ठा काढून टाकला आणि चमकत्या कागदात गुंडाळून नेली. कागद उघडल्यावर साडूंनी चटकन नजर बाजूला वळवली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "साडभाऊ, तुमी तं तिचे कपडेच काढून आनले."

या छंदातलं गणित त्यांनी मला अनेकदा समजावून सांगितलं आहे. कंपनी लाखो गाड्या काढते, त्या साध्या. पण मधूनच काही मोजक्या गाड्या वेगळ्या काढते. कुणाचा रंग वेगळा, कुणाला प्लास्टिकऐवजी रबरी टायर. या मोजक्या गाड्या ती मुद्दाम साध्यांच्या खोक्यात मिसळून देते. मोठ्या शहरांत म्हणे दुकानाचं शटर उघडायच्या आत लोक रांगा लावतात, खोकीच्या खोकी उचलतात आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी दहापट भावाने विकायला काढतात. आमच्या भागात असलं काही नाही. आष्टीच्या चौकातल्या जनरल स्टोअरमध्ये शांपूच्या पुड्या, फुगे आणि रबर बँड यांच्या मधोमध एखादी गाडी वर्षानुवर्षं लटकत राहते, आणि पुण्या-बंगळुरूची पोरं जिच्यासाठी रात्र काढतात ती आमच्या ड्रायव्हरसाहेबांना बस थांबवून, चहा पिऊन, छापील किमतीत मिळते. फोनवर त्यांचा या नादिष्टांचा एक ग्रुप आहे. तिथे ही शहरातली पोरं त्यांना 'जंगलवाले अंकल' म्हणतात आणि रोज कुणीतरी एखादी गाडी मागतं. साडूंचं हिंदी उत्तर ठरलेलं असतं, "बेचना नई है." मग भाव कशाला बघता रोज, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "भाव इकाले नसते, साडभाऊ. पाहाले असते."

आणि हा भाव ते कधी रुपयांत सांगत नाहीत. मूळचे चामोर्शीकडचे शेतकऱ्याचे पोर, त्यामुळे धानाच्या पोत्यांत सांगतात. "ते निळी पाह्यली का? दोन पोते चालू हाये सध्या." माझी बायको एकदा तिथे गेली असता भिंतीकडे बघत म्हणाली की एवढं धान भिंतीवर टांगून ठेवणारा शेतकरी मी पहिल्यांदाच बघतेय.

टंचाईने भाव वाढतो हे तत्त्व साडूंच्या इतकं डोक्यात बसलं की ते त्यांनी एकदा चामोर्शीच्या आठवडी बाजारात लागू करून पाहिलं. पावसाळ्याचे दिवस होते. एक म्हातारी टोपलीभर सात्या घेऊन बसली होती. सात्या म्हणजे रानातली अळंबी, आमच्याकडे त्यांच्यासाठी माणूस मटणाकडे पाठ फिरवतो. साडूंनी तिला समजावलं की एवढा ढीग मांडलास तर कोण भाव देणार, दोनच वाटे पुढे ठेव, बाकीचा माल पळसाच्या पानाखाली झाक, आणि सांग की आता एवढाच उरलाय. बाईने ऐकलं. दोन वाटे चढ्या भावाने खपलेही. साडू बाजूला उभे राहून मिशीत हसत होते. पण आभाळ उघडलं, ऊन लागलं, आणि पानाखालचा माल काळा पडायला लागला. म्हातारीने पान उचलून पाहिलं आणि यांना हाक मारली. "काऊन गा भाऊ, हे का तुही मोटार हाये का? हे भाजी हाये. आज नाई खाल्ली तं उद्या किडे खातीन." साडूंनी निमूटपणे उरलेली टोपली विकत घेतली. मी नेमका त्याच दिवशी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. संध्याकाळी सात्या, रात्री सात्या, दुसऱ्या दिवशी सात्यांची भाजी आणि वर सात्यांचा रस्सा. तक्रार करायचं काही कारण नव्हतं म्हणा.

असे हे साडू. त्यांना देवाने एकदाच मोठं दान दिलं, ते त्या आष्टीच्या दुकानात. एक जीप. रंग म्हणाल तर मळकट, ओल्या राखेसारखा. खिळ्यावर लटकून लटकून तिच्यावर धूळ बसलेली. साडूंनी टायर पाहिले, रबरी, आणि झटकन तिच्याकडे पाठ केली. ती त्या मोजक्यांतली नव्हती, मोजक्यांतल्या मोजक्यांतली होती. दुकानदाराला संशय येऊ नये म्हणून त्यांनी आधी साबण घेतला, मग दोन खराटे घेतले, एक किलो गूळ घेतला, आणि अगदी सहज आठवल्यासारखं करून म्हणाले, "अन् ते मळकी जीप दे बरं, पोट्ट्यासाठी." घरात खराटे होतेच, पण आता जीपचा भाव विचारता की नाही? पहिल्या महिन्यात सात पोती, मग नऊ, मग अकरा. ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा पुण्याच्या एका मुलाने नुसतेच हात जोडून पाठवले. ही जीप मात्र त्यांनी इतरांबरोबर ओळीत टांगली नाही. स्वयंपाकघराच्या दारालगत, खालच्या बाजूला, तिला एकटीला खिळा ठोकला. जेवताना समोर दिसावी म्हणून. ताईला त्यांनी भाव कधी सांगितला नव्हता. पोत्यांचा हिशेब ऐकून ती घाबरेल, असं त्यांचं म्हणणं.

आणि मग ती गेली. कशी गेली ते ऐका. शेजारी दवाखान्यातल्या नर्सबाई राहतात. त्यांनी आदल्या दिवशी पुरणपोळ्यांचा डबा पाठवला होता. दुसऱ्या दिवशी त्या डबा न्यायला दारात उभ्या राहिल्या, बस गाठायची घाई. "चामोर्शीले बारशाले जाऊन राह्यली, ताई. भाचीले पोरगी झाली." आता कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत, ती मोडणं म्हणजे घराण्याला बोल. एरवी ताईने चिमूटभर साखर घातली असती. पण बारसं म्हटल्यावर, तान्ह्या लेकराच्या घरी डबा चाललाय म्हटल्यावर साखर काय घालायची? तिने इकडेतिकडे पाहिलं. हाताशी, दारालगत, खाली एक गाडी होती. आणि मोठ्या समजूतदारपणे तिने विचार केला की भिंतीवर एवढ्या लाल, पिवळ्या, सोनेरी गाड्या आहेत, त्यांतली एखादी चांगली दिली तर यांना वाईट वाटेल, ही एकच मळकट आहे, हीच देऊ. डब्यात जीप घातली, झाकण लावलं.

संध्याकाळी साडू जेवायला बसले आणि समोर खिळा दिसला. नुसता खिळा. ताईने भात वाढता वाढता सगळं सांगितलं आणि विचारलं, "चाललं ना? तुमच्याजवळ तं लय हायेत." आता हे लक्षात घ्या की याच माणसाने, मी एका पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला हात लावला म्हणून, एक अख्खी दिवाळी माझ्याशी अबोला धरला होता. घास त्यांच्या हातात तसाच राहिला. मग त्यांनी तो तोंडात घातला, चावला, गिळला आणि म्हणाले, "बरं केलं."

त्यानंतर ते अंगणात गेले आणि मला चंद्रपूरला फोन लावला. "जीप गेली, साडभाऊ." मला वाटलं अपघात झाला. सगळं ऐकल्यावर मी म्हटलं, मग नर्सबाईंना खरं सांगून परत मागा की. तर म्हणाले, "देल्लेलं मागतलं तं बदनामी कोनाची? हिचीच ना. लोकं म्हनतीन देऊन परत घेतलं. अन् हिले समजलं का अकरा पोते डब्यात टाकले, तं हे जन्मभर सोताले माफ नाई करनार." म्हणजे जीप तर परत आणायची, पण ताईला कळू न देता आणि तिच्या नावाला धक्का न लावता. हे काम बस चालवण्यापेक्षा पुष्कळ अवघड होतं.

पहिला मोर्चा नर्सबाईंकडे. साडूंनी कुंपणावरून विचारलं, बारसं कसं झालं, आहेर काय काय आला. या माणसाने याआधी कुणाच्या लग्नाचीसुद्धा चौकशी केलेली नसल्यामुळे नर्सबाईंनी आधी त्यांना ताप आहे का ते विचारलं. एवढं कळलं की जीप डब्यातून निघून चामोर्शीच्या आहेरात जमा झाली आहे, आणि 'पॅकिंगसकट' झाली आहे. साडूंना थोडा धीर आला. इथून पुढे त्यांच्या मदतीला आपल्या समस्त आयाबहिणी धावल्या, असंच म्हटलं पाहिजे. आपल्याकडे आहेराचा ब्लाउजपीस कधी कोणी शिवतं का? टॉवेल-टोपीतली टोपी कोणी घालतं का? आलेली चांगली वस्तू कपाटात जाते आणि पुढच्या कार्याला, घडीसुद्धा न मोडता, दुसऱ्याच्या घरी जाते. काही ब्लाउजपीस तर जिल्हाभर फिरून पुन्हा मूळ मालकिणीकडे आले आहेत. पुण्यातले लोक पेटीत कापूर आणि काय काय घालून पुठ्ठा सांभाळतात, तेच काम आमच्या बाया काही न करता करतात.

चामोर्शीला काय घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, कारण बँकेच्या कामासाठी अहेरीला जायला मी त्यांच्याच बसमध्ये बसलो होतो. गाडी स्टँडवर लागताच साडू खाकी कपड्यांत खाली उतरले आणि "चला" म्हणून मला घेऊन गल्लीत घुसले. नर्सबाईंच्या भाचीच्या घरी, दारात एस.टी.चा ड्रायव्हर पाहून आधी गोंधळ, मग आदर, मग पोहे. बारशाचं घर, तोंड गोड केल्याशिवाय सोडायचं नाही, म्हणून वर शिरा. तिकडे कंडक्टर घंटी मारतोय, प्रवासी खिडक्यांतून माना काढतायत, आणि हे शिऱ्याचा घास घेत, जणू वाटेत सुचलं म्हणून, विचारतायत, "ते गाडी पसंत पडली का पोरीले?" बाळाची आजी म्हणाली, "लय चांगली वस्तू होती, भाऊ. आमी नाई फोडली. अहेरीकडं आमच्या जवायाचे दोस्त हायेत, फॉरेस्टात गार्ड, त्याईच्या घरी पोरगी झाली. तिच्या नाव ठेवाले देऊन टाकली." बसमध्ये परत आल्यावर एका म्हाताऱ्याने ड्रायव्हरला झापलं. साडूंनी कान पकडले आणि गाडी काढली. आष्टीपर्यंत ते गुणगुणत होते. जीप अजून फुग्यात होती.

अहेरीला गाडी पोचली, त्यांची ड्यूटी संपली, तेव्हा दिवस बराच वर होता. गार्डाचं गाव जवळच, रानाला लागून. साडूंनी वाटेत बाळासाठी एक झबलं आणि एक साधी लाल गाडी, अर्थात पॅकिंगसकट, घेतली. बेत असा होता की झबलं द्यायचं, मग म्हणायचं की ती मळकी गाडी आमच्याकडून चुकून गेली, लेकराच्या हातात असा उदास रंग बरा नाही, ही लाल ठेवा. बोलायचं मी, कारण बँकेत असल्यामुळे मला गोड बोलून परत घेण्याची सवय आहे, असं त्यांचं मत.

गार्ड कामावर गेला होता. घरात त्याची बायको आणि तिचे वडील. जोहार झाला, पाणी झालं, खाट टाकली गेली. आणि मला ती भिंतीवर दिसली. म्हणजे गाडी नव्हे, पुठ्ठा. त्यावर जीपचं रंगीत चित्र छान असल्यामुळे तो कॅलेंडरशेजारी टांगला होता. प्लास्टिकचा फुगा कोनाड्यात होता, त्यात हळद भरून ठेवली होती. मी साडूंकडे पाहायचं टाळलं. ते मात्र दुसरीकडेच बघत होते. छताच्या मयालीला, म्हणजे आडव्या लाकडाला, साडीची झोळी बांधली होती, झोळीत बाळ होतं, आणि बाळाच्या डोळ्यांसमोर, काळ्या दोऱ्याला बांधून, अकरा पोती धान हळूहळू गोल फिरत होतं. बाळ त्याच्याकडे टक लावून बघत होतं.

साडू उठले. झोळीजवळ गेले. बोटाने त्यांनी जीपचं एक चाक हळूच ढकललं. ते फिरलं. फिरतच राहिलं. इतक्या वर्षांत इतक्या गाड्या, पण यांच्या हाताने एकाही गाडीचं चाक फिरलं नव्हतं, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. "चाक फिरते, साडभाऊ," ते माझ्याकडे वळून म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं.

बाईला काहीतरी जाणवलं असावं. म्हणाली, "भाऊ, तुमची होती का? पाह्यजे असन तं घेऊन जा."

मी गोड बोलायला तोंड उघडलं. पण साडूच घाईघाईने म्हणाले, "नाई, नाई बाई. गाठ ढिली हाये म्हनून पाहून राह्यलो. पोरीच्या डोक्यावर पडन." आणि त्यांनी ती गाठ सोडली आणि बसच्या टपावर सामान बांधतात तशी पक्की पुन्हा बांधली. झबलं आणि लाल गाडी ठेवून आम्ही निघालो. वाटेत त्यांनी एकदा खिशातून फोन काढला, भाव पाहायला असावा, आणि तसाच परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत गडचिरोलीला उतरलो. जेवताना त्यांनी ताईला सांगितलं की ती गाडी फिरत फिरत अहेरीकडे गेली, मी पाहिली, पोरीच्या झोळीला बांधली आहे, पोरगी तिच्याकडेच बघत असते. ताईचा हात वाढता वाढता थांबला. तिने दोनदा विचारलं, कशी बघते, हसते का. मग म्हणाली, "आपण मळकी देली. लाज वाटते मले. एक चांगली धाडून देऊ."

"तूच काढ," साडू म्हणाले आणि ताटाकडे बघत राहिले. मला भिंतीवरचे भाव आता बऱ्यापैकी पाठ झाले होते. ताईचा हात सोनेरीवरून गेला, पाच पोती. निळीवरून गेला. मी मनात बेरीज करत होतो. पण ती थांबली ती अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे कपाटाच्या कडेला एक जुनाट पुठ्ठा होता, ऊन लागून पार पांढरा पडलेला. त्यातली पिवळी गाडी इतकी साधी की तशा आजही कुठल्याही दुकानात ढिगाने मिळतात.

"ते नको," साडू पटकन म्हणाले.

"लय वर्सं झाले आता," ताई म्हणाली. "कोनी तरी खेळू द्या."

साडू उठले, हात धुतले, पंच्याला पुसले आणि स्वतःच तो पुठ्ठा खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिला.

मला काही उलगडलं नाही. चंद्रपूरला आल्यावर बायकोने सांगितलं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ताईला दिवस गेले होते. साडूंनी त्याच आठवड्यात नागपूरहून एक गाडी आणली होती, पोरगा होवो की पोरगी, खेळायला होईल म्हणून. दिवस राहिले नाहीत, पुढेही कधी राहिले नाहीत. गाडी पॅकिंगमध्येच राहिली. तिच्यानंतर दुसरी आणली, मग तिसरी, आणि तो छंद झाला.

पुढच्या फेरीला साडूंनी ती पिवळी गाडी अहेरीला नेली. तिथे जाऊन फुगा त्यांनी स्वतः फोडला, बाईकडे फोडायला दिला नाही, एवढं मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, चाक फिरतं का? म्हणाले, थोडं अडत होतं, इतकी वर्षं बसून होतं ना, खोबऱ्याच्या तेलाचा थेंब सोडला, मग फिरलं.